बंद गिरणीतली रात्रपाळी

“मानवानं मंगळावर वांगी पिकवली, समुद्राच्या तळातून रेल्वे नेली, ढगांना वेळापत्रक लावलं. आता मानवी बुद्धीला अशक्य असं या विश्वात काही उरलेलं नाही,” असं डॉ. त्र्यंबक निफाडकरांनी जाहीर केलं.

“दोन किलो आठशे जास्त,” नंदी म्हणाला.

निफाडकर त्या वेळी वजनकाट्यावर उभे होते, एवढं सांगायचं राहिलं. नंदी हा सोलापूरच्या त्या डायलिसिस केंद्रातला यंत्रमानव. काही बोलायच्या आधी मान हलवायची अशी त्याची घडण होती, म्हणून पेशंटांनी त्याचं नाव नंदी ठेवलं. मान तो सगळ्यांपुढे हलवायचा; पण खोटं बोलायची सोय त्याच्यात बसवायची राहून गेली होती.

“कलिंगड?” नंदीनं विचारलं.

“मी विश्वाबद्दल बोलतोय.”

“अर्धं की अख्खं?”

“अर्धं,” निफाडकर म्हणाले आणि काट्यावरून उतरून मुकाट्यानं आपल्या पलंगाकडे गेले.

एरवी मैथिली येमूल खुदकन हसली असती. ती बारा वर्षांची होती आणि या केंद्रात पाच वर्षांपासून येत होती, त्यामुळे इथल्या विनोदांवर हसायचा तिचा हक्कच होता. तिचे बाबा, श्रीनिवास, शेजारच्या पलंगावर झोपलेले असायचे. रक्तदाबानं त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. किडनी म्हणजे शरीराची गाळणी. ती रक्तातली घाण आणि जादा पाणी वेगळं काढते. गाळणी थांबली की प्यालेलं पाणी आणि खाल्लेलं कलिंगड शरीरातच मुक्काम करतं. मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, रक्त नळीतून यंत्रात न्यायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. यालाच डायलिसिस म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी ‘येत्या पाच वर्षांत’ बाजारात येणार, अशी बातमी मैथिलीच्या जन्माच्या आधीपासून दर पाच वर्षांनी नेमानं येत होती.

पण आज मैथिली हसली नाही. आज तपासणीचं उत्तर यायचं होतं.

झालं होतं असं. बाबांच्या हाताच्या शिरा आता थकल्या होत्या. सुया टोचायला जागा सापडेना. डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्याची किडनी बसवणं हाच मार्ग. अंबुआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, म्हणाली, “माझ्याकडे दोन आहेत, त्यातली एक घ्या.” दुकानातून चादर द्यावी तसं म्हणाली. ऑपरेशनच्या तयारीसाठी पोटाचा फोटो काढला, आणि बाबांच्या डाव्या किडनीत बोराएवढी गाठ दिसली. ती किडनी काढून टाकली. गाठ कर्करोगाची निघाली.

आता प्रश्न असा होता, की ही गाठ वंशातून आली की नंतर झाली? वंशातून आली असेल, तर ती आत्याच्या किडनीतही वाट बघत बसलेली असू शकते. मग डॉक्टर ती किडनी घेणार नाहीत. आणि बाबांच्या हातावर जागा उरलेली नाही. शिवाय मग तशी गाठ मैथिलीच्या पोटातही असू शकते, पण हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. मैथिलीही म्हणत नव्हती. फक्त परवापासून ती अंघोळ करताना पोट दाबून बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमची किडनी बंद पडली होती ना?”

“कधीच.”

“मग बंद पडलेल्या किडनीत गाठ वाढलीच कशी? गिरणी बंद पडली की भोंगा बंद, माग बंद, कापड बंद.”

ही उपमा मूळची बाबांचीच होती. डॉक्टर दर वर्षी सांगायचे, “जुन्या किडन्यांची सोनोग्राफी करून घ्या.” आणि बाबा दर वर्षी म्हणायचे, “बंद गिरणीची तपासणी कोण करतं, डॉक्टर?” सोलापूरच्या माणसाला बंद गिरणीबद्दल कुणी शिकवायची गरज नसते. तिच्या भिंतींवर पिंपळ उगवतो, आत वटवाघळं राहतात, आणि चिमणी तेवढी पत्ता सांगायला उपयोगी पडते. सगळं घर हसायचं. सगळ्यात मोठ्यानं आत्या. तपासणी पुढच्या वर्षावर जायची.

“प्रश्न चांगला आहे,” शेजारच्या पलंगावरून निफाडकर म्हणाले. सिस्टरनी त्यांच्या डाव्या हाताला सुया लावून यंत्र सुरू केलं होतं. निफाडकर म्हणजे निवृत्त जनुकशास्त्रज्ञ. कुणाच्या नाकाचा आकार आजोबांवरून का येतो आणि कुणाचा राग आजीवरून का येतो, याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला होता. मैथिली त्यांना आजोबा म्हणायची. “फक्त एक गोष्ट चुकतेय. तुझ्या बाबांची गिरणी बंद झाली हे कामगारांना कुणी कळवलंच नाही.”

“म्हणजे?”

“मालकानं फाटकाला कुलूप घातलं. कापड बाहेर येणं थांबलं. पण आतले कामगार, म्हणजे पेशी (शरीर ज्या बारीक-बारीक जिवंत खोल्यांचं बनलेलं असतं त्या), त्या तशाच आत. त्यांना वाटतं, यंत्र बिघडलंय, दुरुस्त करू. मेलेल्या पेशीच्या जागी नवी उभी करायची, ती मेली की आणखी नवी. वर्षानुवर्षं रात्रपाळी. ना मुकादम, ना हवा, आणि रक्तात घाण साचलेली. नळ्या तुंबतात, त्यांच्या पाण्यानं भरलेल्या पिशव्या होतात. त्या पिशव्यांच्या भिंतीवरसुद्धा पेशी कामाला लागलेल्याच.”

“पगार नसताना?”

“पेशींची युनियन नसते.”

“आणि तुम्ही लोक ती जुनी किडनी काढत का नाही?” मैथिलीचा आवाज चढला. “बॅटरी बदलताना जुनी काढतातच की.”

“बहुतेकदा नाही काढत. विनाकारण मोठं ऑपरेशन कशाला? जुन्या दोन पाठीशी तशाच, नवी पुढे, खाली ओटीपोटात बसवतात. नवी किडनी बसवलेल्या माणसाला साधारण तीन किडन्या असतात. दोन निवृत्त, एक कामावर.”

“आणि निवृत्तांकडे कुणी बघत नाही,” बाबा हळूच म्हणाले.

“ते मला सांगू नका,” निफाडकर म्हणाले. “मी निवृत्त आहे.”

एवढ्यात दार ढकलून अंबुआत्या आत आली. तिच्या केसांत कापसाची तूस होती. ती थेट कारखान्यातून आली होती. तिच्याकडे चादरींचे आठ माग होते. सगळ्या शहरात डिझाइन संगणकावरून जायचं, पण तिचे दोन जुने माग अजून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालायचे. पुठ्ठ्यांची लांब माळ मागावर फिरते. जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो, आणि चादरीवर मोर उमटतो. परदेशी लोकांना असल्या चादरीचं कौतुक असतं. आत्याला त्या लोकांचं कौतुक होतं.

“आलं का उत्तर?” तिनं विचारलं.

नंदीनं मान हलवली. “अजून नाही.”

“मग मान कशाला हलवायलास, बे?” आत्या स्टुलावर बसली आणि भावाकडे बघितलं. “मेली तरी तुझी किडनी छळायलीय. तुझ्यासारखीच. लहानपणी ह्यानं पतंग फाडला, मार मी खाल्ला.”

“पतंग तू फाडलास, अंबू.”

“मी नाही. मार मात्र मीच खाल्ला.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि निफाडकरांकडे वळली. तिचा आवाज खाली आला. “डॉक्टर, खरं सांगा. आमचे वडील, अण्णा, पण पोटात गाठ होऊनच गेले. कसली गाठ ते कुणी बघितलं नाही. मला वाटतं, आमच्या घराण्यातच ती आहे. मी किडनी द्यायला तयार आहे हो. पण खराब माल कसा देऊ?”

मैथिलीचा हात आपोआप पोटाकडे गेला होता. तो तिनं मांडीखाली दाबून धरला.

निफाडकरांनी ते पाहिलं. “मैथिली,” ते म्हणाले, “तुझ्या आत्याच्या कारखान्यात एखाद्या चादरीवर मोराला तीन पाय आले, तर काय करतात?”

“आत्या ओरडते.”

“त्यानंतर.”

मैथिलीनं विचार केला. “बाकीच्या चादरी बघतात. त्याच पुठ्ठ्यांवर विणलेल्या.”

“कशाला?”

“सगळ्यांवरच तीन पाय असतील, तर पुठ्ठ्यातच भोक चुकलंय. एकाच चादरीवर असतील, तर पुठ्ठे बरोबर. मागावर काहीतरी बिघडलं.”

“आता नीट ऐक. प्रत्येक पेशीच्या आत अशाच सूचनांच्या माळा असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात (शरीर कसं विणायचं याच्या सूचना ज्यांच्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात ते धागे). त्यातली एकेक सूचना म्हणजे जनुक. गुणसूत्रं असतात शेहेचाळीस, जोडीजोडीनं. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. पेशीला नवी पेशी बनवायची असली, की आधी सगळ्या माळांची नक्कल करायची आणि जुन्या-नव्या दोन्ही पेशींना माळा सारख्या वाटून द्यायच्या.”

“आणि वाटताना चूक झाली तर?”

“होते. सगळ्यांच्याच शरीरात होते. बहुतेक वेळा चुकलेली पेशी मरते, किंवा शरीराचे पहारेकरी तिला पकडतात. पण जिथे वर्षानुवर्षं रात्रपाळी चाललीय, तिथे नकला जास्त, म्हणून चुकाही जास्त. पहारेकरीही दमलेले. मग एखाद्या पेशीकडे एका माळेच्या दोनऐवजी तीन प्रती जातात. ‘वाढा’ म्हणणारी सूचना त्या माळेवर असली, तर ती तिप्पट आवाजात ऐकू येते. पेशी वाढते. तिच्या लेकी वाढतात. त्यांचीच गाठ.”

“मोराला तीन पाय,” मैथिली पुटपुटली.

“म्हणून प्रयोगशाळेत दोन गोष्टी पाठवल्यात. गाठीचा तुकडा, आणि बाबांचं रक्त. चूक दोन्हीकडे असेल—”

“तर पुठ्ठ्यात. म्हणजे जन्मापासून. म्हणजे आत्यात पण असेल.” ती थांबली. “माझ्यात पण.”

हे वाक्य घरात कुणी म्हणत नव्हतं, ते असं डायलिसिस केंद्रात म्हणून झालं. बाबांनी छताकडे बघितलं. आत्यानं स्टूल जवळ ओढलं आणि मैथिलीच्या डोक्यावर आपला तूस भरलेला हात ठेवला.

“असेल असं नाही, असू शकेल,” निफाडकर म्हणाले. “वडिलांच्या जोडीतली एकच माळ मुलाकडे येते. चुकलेली येईल किंवा चांगली येईल. नाणेफेक.”

यावर कुणाला धीर आला नाही. यंत्रं एका सुरात गुरगुरत राहिली. खिडकीजवळचा पलंग दिवाळीपासून रिकामा होता. त्यावर चिलवेरीकाका असायचे. ते कुठे गेले हे कुणी नंदीला विचारत नसे, कारण नंदीनं सांगितलं असतं.

“आजोबा,” मैथिलीनं विचारलं, “तुम्ही तुमच्या जुन्या किडन्यांचा फोटो काढता?”

निफाडकरांनी उत्तर द्यायला उशीर केला. नंदीनं मान हलवली.

“काढला,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी, एकदाच. तोवर गाठ फुप्फुसापर्यंत पोचली होती.”

“नंदी,” सिस्टर म्हणाल्या.

“विचारलं म्हणून सांगितलं.”

कोपऱ्यातल्या कुठल्यातरी यंत्रानं टिंगटिंग केलं आणि सिस्टर तिकडे गेल्या. मैथिली निफाडकरांकडे बघत राहिली. मघाशी आपण या माणसाच्या कलिंगडावर हसलो नाही ते बरं झालं, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, की हसायला हवं होतं.

“पण तुम्हाला तर सगळं माहीत होतं.”

“चाळीस वर्षं यावर व्याख्यानं दिली. दर व्याख्यानाच्या शेवटी सांगायचो, जुन्या किडन्यांना विसरू नका, वर्षातून एकदा तपासा. टाळ्या पडायच्या.”

“मग?”

“मग मी घरी जायचो.”

“औषध?”

“चालू आहे. त्याचं आणि गाठीचं भांडण जुंपलंय. सध्या गाठीचा आवाज मोठा आहे.” हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “माझी गाठ वंशातली नाही. नंतर झालेली. माझ्या मुलाला काही धोका नाही. तो मंगळावर वांगी पिकवतो.”

आत्या काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. एवढ्या वर्षांत अंबुआत्या बोलता बोलता थांबलेली मैथिलीनं पहिल्यांदाच पाहिली.

मग नंदीच्या छातीवरचा दिवा हिरवा झाला. प्रयोगशाळेचं उत्तर आलं होतं.

“येमूल श्रीनिवास,” नंदी म्हणाला. “एकट्यात वाचू की सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर,” बाबा म्हणाले. “एकट्यात मला कळणार नाही.”

नंदीनं मान हलवली. त्यावरून काही ओळखण्याची सोय नव्हती.

“गाठीतल्या पेशी. गुणसूत्र क्रमांक तीन, सात, सोळा आणि सतरा. प्रत्येकी दोनऐवजी तीन. रक्तातल्या पेशी. सगळी गुणसूत्रं दोन-दोन. किडनीच्या कर्करोगाचे वंशातून येणारे जेवढे दोष माहीत आहेत तेवढे तपासले. एकही सापडला नाही.”

“मराठीत सांग,” आत्या म्हणाली.

“मराठीतच सांगितलं.”

“आत्या,” मैथिली म्हणाली. ती एकेक शब्द सावकाश बोलली. “पुठ्ठे बरोबर आहेत. बाबांच्या रक्तातले मोर दोन पायांचेच आहेत. चूक फक्त त्या एका गाठीत झाली. बंद गिरणीत. ती बाबांबरोबर जन्मली नाही, म्हणून तुझ्यात यायचा प्रश्नच नाही. माझ्यात पण नाही.”

“मग अण्णांची गाठ?”

“ती कसली होती हे अण्णांबरोबर गेलं,” निफाडकर म्हणाले. “विज्ञानाला माहीत असलेली दारं ठोठावली, आतून कुणी ओ दिली नाही. माहीत नसलेल्या दारांबद्दल मी शपथ घेणार नाही. पण बाई, तुमचा माल चांगला दिसतो.”

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. बाबा तिच्याकडे बघत होते. “रडतेस कशाला, अंबू? आता खरंच द्यावी लागणार म्हणून?”

“गप बस,” पदरातून आवाज आला. “पतंग मीच फाडलेला.”

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बाबांनी निफाडकरांना विचारलं, “आता पुढं?” आणि निफाडकरांनी नंदीसारखं, म्हणजे खरं, उत्तर दिलं. उजवी किडनीही त्याच गिरणीची. तिच्यातही पिशव्या आहेत. ती बहुधा आधी काढतील. तोवर हाताच्या शिरांना टिकावं लागेल. गाठ लहान होती, किडनीच्या आतच होती, म्हणून नव्या किडनीसाठी फार थांबवणार नाहीत. नवी किडनी बसली की तिला शरीरानं परकी समजून हाकलू नये यासाठी आयुष्यभर गोळ्या. आणि त्या गोळ्यांनी पहारेकरी अर्धवट झोपेत. म्हणून आयुष्यभर तपासण्या. चुकवायच्या नाहीत.

“एकही नाही,” बाबा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

मैथिली नळीकडे बघत बसली होती. बाबांचं रक्त लाल रेघ होऊन यंत्रात जात होतं आणि लाल रेघ होऊन परत येत होतं. इतकी वर्षं ती हे बघत आली होती. आज पहिल्यांदाच तिला त्यात एक प्रश्न दिसला.

“आजोबा, गाठीतल्या पेशी मरतात का?”

“मरतात. भरपूर.”

“मग त्यांच्या माळा कुठे जातात?”

“तुटतात. तुकडे रक्तात येतात. अगदी थोडे.”

“तीन-तीन प्रतींवाले?”

“त्याच मालाचे तुकडे. म्हणजे तीन, सात, सोळा, सतराचे जरा जास्त.” निफाडकर बोलता बोलता तिच्याकडे वळले.

“आणि रक्त तर आठवड्यातून तीनदा बाहेर येतंच,” मैथिली म्हणाली. “ह्या यंत्रात. मग यंत्रानंच का नाही मोजायचं? रक्त धुता धुता. फोटो काढायला कुणी विसरलं तरी यंत्र विसरणार नाही. गाठ बोराएवढी व्हायच्या आधी, मोहरीएवढी असतानाच सांगेल.”

नंदीनं मान हलवली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती मान योग्य जागी हलली.

“अशा यंत्रावर काम चालू आहे,” निफाडकर हळूहळू म्हणाले. “किडनीच्या गाठी तुकडे फार कमी सोडतात, म्हणून अडलंय. ते सापडायला तुझ्यासारखं चिवट डोकं लागेल. मला ते यंत्र मिळायचं नाही. तुझ्या बाबांनाही कदाचित नाही. पण खिडकीजवळच्या त्या पलंगावर उद्या कुणीतरी येईल. त्याला मिळायला हवं.”

निफाडकरांचा चेहरा गंभीर झाला. ओठ हलले, भुवया जवळ आल्या, डोळ्यांत पाणी तरळलं. मैथिलीला वाटलं, आता हे आपल्याला काहीतरी सोपवणार. चाळीस वर्षांचं काम. अपुरं राहिलेलं संशोधन. तिनं पाठ ताठ केली.

“मैथिली,” ते म्हणाले, “एक काम करशील?”

“करीन, आजोबा.”

“माझं नाक खाजव. एका हातात सुया आहेत, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा. डावीकडे. जरा वर.”